मोक्षशेठ

वालीवला कोणी सुटायला येत नाही. येतो तो अडकायलाच. सकाळी नऊच्या सुमारास वसई फाट्याकडून आलेला टेम्पो आणि स्टेशनकडून आलेली रिक्षा नाक्यावर समोरासमोर ठाकली की दोघांनाही मागे हटायची सोय उरत नाही. कारण तोवर मागे कामगारांची बस, पाण्याचा टँकर आणि भंगाराने फुगलेला छोटा हत्ती येऊन चिकटलेले असतात. सगळे हॉर्न वाजवतात. सगळे एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करतात. अशा वेळी एखाद्या गाडीची काच खाली सरकते, आतून एक शांत चेहरा बाहेर येतो आणि शेजारच्या रिक्षावाल्याला सांगतो, "यालाच भवचक्र म्हणतात बरं का." रिक्षावाला त्यावर जे म्हणतो ते छापण्याजोगं नसतं. पण तो चेहरा ओळखून ठेवा. तो मोक्षशेठचा.

मोक्षशेठ हा कोणी एक माणूस नव्हे, तो एक नमुना आहे. पुण्यात तो व्याख्यानमालेत पहिल्या रांगेत बसून शेवटचा प्रश्न विचारतो. डोंबिवलीत तो लोकलमध्ये चौथी सीट मिळवून शेजाऱ्याला अनासक्ती शिकवतो. वालीवला त्याच्या हाताला ग्रीस असतं, एवढाच फरक. इथल्या प्रत्येक इंडस्ट्रियल इस्टेटीत असा एक तरी शेठ सापडतो. माझा खोक्यांचा गाळा आणि एका मोक्षशेठचा प्रेसचा गाळा यांच्यात एकच भिंत असल्यामुळे मला तो जरा जास्त सापडला आहे. तो मला 'खोकेवाले' म्हणतो.

वय साठीच्या आत-बाहेर. शर्टाच्या एका खिशात व्हर्नियर, दुसऱ्यात जपमाळ. आणि घाईत असला की व्हर्नियर ओढतो आणि जपमाळेने पत्र्याची जाडी मोजतो. गाळ्यात दोन पॉवर प्रेस, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि गंजलेल्या पत्र्याचा ढीग. माल कुठला, तर क्लॅम्प. पाइपाला धरून ठेवणारे, वायरीला धरून ठेवणारे, पत्र्याला धरून ठेवणारे. ज्याने उभं आयुष्य धरून ठेवायच्या वस्तू तयार करण्यात घालवलं, त्याला उतारवयात सुटकेचा नाद लागला.

निमित्त बीपीचं झालं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन कमी करा. दुसरा एखादा असता तर पहाटे उठून चालायला लागला असता. शेठनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. "खोकेवाले, विचार करा," ते मला म्हणाले, "टेन्शन कशामुळे? धंद्यामुळे. धंदा कशामुळे? पोटामुळे. पोट कशामुळे? जन्मामुळे. मग जन्मच नको! एकदाच काय तो खर्च करू आणि मोकळे होऊ."

आता खर्च म्हटला की शेठचा एक नियम आहे. साधी झाडू घ्यायची असली तरी तीन कोटेशनं. तिन्ही समोर ठेवायची, तक्ता करायचा, मग घासाघीस. मोक्षासारखी मोठी खरेदी ते एका पार्टीकडून आंधळेपणाने करतील, हे शक्यच नव्हतं. त्यांनी लाल पुठ्ठ्याची नवी चोपडी काढली, आडव्या रेघा मारल्या आणि रकाने पाडले: पार्टीचं नाव. कशापासून सुटका. किती दिवसांत. सुटल्यावर काय मिळणार. परत यावं लागतं का. आणि शेवटचा रकाना, शेरा.

पहिलं कोटेशन त्यांनी न्यायदर्शनाचं घेतलं, कारण नाव ऐकून पार्टी सरळ वाटली. नैयायिक म्हणतात, दुःखं एकवीस प्रकारची, आणि अपवर्ग म्हणजे त्या एकवीसच्या एकवीस दुःखांचा कायमचा नाश. शेठ खूश झाले. एकवीस आयटमची पूर्ण यादी देणारी पार्टी आजकाल मिळते कुठे? मग बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या. दुःखाबरोबर सुखही जातं. सुखाबरोबर जाणीवही जाते. आत्मा उरतो, पण त्याला आपण उरलो आहोत हेसुद्धा कळत नाही. या मोक्षाची टिंगल जुन्या लोकांनीही केली आहे. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने नैषधीयचरितात चार्वाकाच्या तोंडून विचारलं आहे की ही मुक्ती आणि दगड यात फरक काय? आणि वैष्णव तर म्हणत आले की वैशेषिकांच्या अशाच मोक्षापेक्षा वृंदावनात कोल्हा होऊन हिंडलेलं परवडलं. शेठची हरकत मात्र व्यवहाराची होती. "दगड व्हायला माझी ना नाही," ते म्हणाले, "पण वसई पूर्वेला दगड होऊन चालेल का? डोंगराच्या पायथ्याला चारी बाजूंनी खाणी. महिन्याच्या आत खडी करून विकतील मला." शेरा लिहिला: जागा बघून विचार करू.

चार्वाकाचं कोटेशन सगळ्यात स्वस्त निघालं. देह पडला की झाला मोक्ष. साधना नाही, गुरू नाही, उपास नाही, डिलिव्हरीची शंभर टक्के खात्री. शेठनी ते दोनदा वाचलं आणि मिटवून ठेवलं. "इतका स्वस्त माल म्हणजे काहीतरी गोम असणार."

मग शंकराचार्य. वसईच्या पश्चिमेला निर्मळला टेकडीवर एका शंकराचार्यांचं समाधिमंदिर आहे. कार्तिक वद्य एकादशीला तिथली यात्रा सुरू होते, आणि सुकेळी घ्यायला म्हणून जाणारा वसईकरसुद्धा जाता जाता समाधीला हात जोडून येतो. शेठ तिथे जाऊन सुकेळी घेऊन आले आणि येताना अद्वैत कळून आलं. म्हणजे तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना सांगितलं की मोक्ष कुठून आणायचा नसतो, तो मिळवायचाही नसतो. आत्मा मुक्तच आहे, अज्ञानामुळे बांधल्यासारखा वाटतो, ते अज्ञान गेलं की संपलं. शेठ दुसऱ्या दिवशी अस्वस्थ. "म्हणजे माल आधीच आलेला आहे?"

"तसंच म्हणायचं."

"मग चलान कुठे आहे? सही कोणी केली? माल येऊन पडलाय आणि मालकाला पत्ता नाही, असला कारभार मी गाळ्यात चालू देणार नाही, तर ब्रह्मांडात कसा चालवून घेऊ?"

वालीवची खासियत अशी की इथे एका भिंतीआड एक दर्शन नांदतं. शेठना पत्रा पुरवणारे व्यापारी जैन. उधारी मागायला आले की शेठ त्यांना चहा पाजून मोक्षावर नेतात, म्हणजे उधारीचा विषय निघत नाही. त्यांनी सांगितलं की जैन मताप्रमाणे कर्म ही नुसती कल्पना नाही. ते सूक्ष्म पुद्गल आहे, कण आहेत, ते जीवाला चिकटतात. शेठचे डोळे चमकले. "मटेरियल आहे म्हणता? म्हणजे वजन असणार!" नवं कर्म येणं थांबवायचं तो संवर, चिकटलेलं झाडून काढायचं ती निर्जरा. सगळं झडलं की हलका झालेला जीव सरळ वर जातो, लोकाच्या माथ्यावर सिद्धशिलेशी थांबतो आणि तिथून परत कधी येत नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे तो कुणात विरघळत नाही, प्रत्येक जीव वेगळा राहतो. "म्हणजे मी राहतो!" शेठनी टेबलावर थाप मारली. त्यांना हवं होतं ते कोटेशन हेच. उत्साहाच्या भरात विचारून बसले, "आणि वर गेल्यावर करायचं काय?"

"काही नाही. अनंत ज्ञान, अनंत सुख."

"ते झालंच. पण दिवसभर?"

"दिवस नाही तिथे. अनंतकाळ."

शेठचा चेहरा उतरला. शुक्रवारी वालीवच्या कारखान्यांना साप्ताहिक सुटी असते आणि त्या एका दिवसात हा माणूस घरातले सगळे नळ उघडून पुन्हा बसवतो. अनंत शुक्रवारांची कल्पना त्यांना पेलवेना. व्यापारी उधारी घेऊनच गेले.

त्या रात्री वहिनींनी विचारलं, "तिथे बायकांना घेतात का?" शेठ म्हणाले, त्यावर दोन मतं आहेत. श्वेतांबर म्हणतात स्त्रीदेहातून मोक्ष मिळतो, एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे त्यांच्या मते स्त्रीच होते. दिगंबर म्हणतात तसा मिळत नाही. "बरं," वहिनी म्हणाल्या, "तुमचं पुरुषांचं मिटलं की हाक मारा. तोवर मी भाजी टाकते." मोक्षाच्या बाबतीत वहिनींचं एवढंच म्हणणं असतं. सुटका हवी असेल तर आधी सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडा, असं त्यांनी एकदा सुचवलं होतं, पण शेठ म्हणाले, मी सोडलं तर पाण्याच्या टाकीकडे बघणार कोण?

डाय बनवणारे इंजिनियर निर्मळकडचे ख्रिस्ती. वसईचा माणूस धर्माबद्दल बोलताना इतिहास तोंडी ठेवूनच बोलतो. 1534 साली पोर्तुगीज आले, 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, आणि मधल्या काळात इथल्याच मातीतला गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेला आणि 1862 साली संत झाला. हे सगळं सांगून झाल्यावर इंजिनियर म्हणाले, "शेठ, तुमचा तक्ताच चुकलाय. तारण विकत घ्यायचं नसतं, कमवायचंही नसतं. ती देवाची कृपा. आपण फक्त हो म्हणायचं आणि तसं वागायचं."

"फुकट?"

"फुकट."

"फुकट काही नसतं हो. बिल कोणीतरी भरलेलं असतं."

"भरलंय की. दोन हजार वर्षांपूर्वी."

शेठ निरुत्तर होण्याची ही तालुक्यातली बहुधा पहिली वेळ. मग त्यांना कुठूनतरी कळलं की युरोपात एके काळी पापक्षमापत्रं पैशांनी मिळत आणि 1517 साली मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध पंच्याण्णव कलमं काढून रान उठवलं. दुसऱ्या दिवशी ते इंजिनियरांवर तुटून पडले. "रेटकार्ड होतं तुमच्याकडे! लपवलंत!" इंजिनियर शांतपणे म्हणाले, "होतं. त्यावरूनच तर घर फुटलं."

रात्रपाळीचा प्रेस ऑपरेटर उत्तर प्रदेशचा, मुसलमान. माहीमच्या दर्ग्याला नेमाने जाणारा. तिथले मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले, कोकणातले मोठे विद्वान. कुराणावर भाष्य लिहिणारे आणि इब्न अरबीच्या विचारांच्या वाटेने जाणारे. पण ऑपरेटर सांगतो ती गोष्ट पुस्तकातली नाही. आईने रात्री पाणी मागितलं, बाबा पाणी घेऊन आले तोवर तिचा डोळा लागला होता. तर तिची झोप मोडू नये म्हणून ते पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभे राहिले. "ओव्हरटाइम नाही मागितला," शेठनी नोंद घेतली. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे शेवटी काय? ऑपरेटर म्हणाला, फना. सूफी लोक त्याला फना म्हणतात, स्वतःचं पुसून जाणं. शेठ म्हणाले, ते ठीक, पण पुसल्यावर मी दिसणार कुठे? ऑपरेटरने प्रेसवरचा हात न थांबवता सांगितलं, "शेठ, पहले आप हटो. फिर जो दिखेगा, वो दिखेगा." शेठना वाटलं तो डायसमोरून बाजूला व्हायला सांगतोय. ते झाले.

सगळ्यांत मोठी खळबळ उडवली ती अकाउंटंटने. तो नालासोपाऱ्याचा, बौद्ध. महिन्यातून दोनदा जीएसटीचे कागद घेऊन येतो. 'मुक्ती' शब्द ऐकला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आमच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतली. लाखो लोकांनी एका दिवसात घेतली. तुमची अजून फाइलच फिरतेय." बाबासाहेबांच्या धम्मात आत्मा नाही, त्यामुळे आत्म्याची सुटका हा प्रश्नच नाही, सुटका माणसाची, आणि ती इथेच, माणसामाणसांतल्या वागण्यात, असं तो समजावून सांगतो. शेठना त्यातली एका दिवसात डिलिव्हरी तेवढी ऐकू आली. ते बघून अकाउंटंटने त्यांना बाहियाची गोष्ट सांगितली.

सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली खणून काढला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथलेच. त्या शूर्पारकात बुद्धाच्या काळी बाहिया नावाचा एक माणूस राहायचा. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला, अंगावर झाडाची साल गुंडाळलेली. लोक त्याला सिद्धपुरुष समजून जेवू घालत, त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं. एका देवतेने त्याला खडसावलं: बाबा रे, तू अजून कुठेच पोचलेला नाहीस, श्रावस्तीला जा, तिथे खरा गुरू आहे. तो तडक निघाला, थांबला नाही. बुद्ध तेव्हा भिक्षेला निघाले होते. रस्त्यातच त्याने पाय धरले. बुद्ध म्हणाले, ही वेळ नव्हे. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा बुद्धांनी उभ्या उभ्या दोन-चार वाक्यांत सांगितलं: पाहशील तेव्हा फक्त पाहणं असू दे, ऐकशील तेव्हा फक्त ऐकणं, त्यात 'मी' घालू नकोस. बस्स. बाहिया तिथल्या तिथे मुक्त झाला. सगळ्यात झटपट समजलेला शिष्य म्हणून बुद्धांनी त्याचं नाव घेतलं.

शेठ खुर्चीतून उठले. "लोकल पार्टी! आपल्या सोपाऱ्याचा माणूस! तीन वेळा फॉलोअप केला आणि ऑन द स्पॉट डिलिव्हरी! अहो, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" त्यांनी चोपडीत बाहियाखाली दोन रेघा ओढल्या. "पुढे काय झालं त्याचं?"

"पुढे काही नाही. तिथून निघाला आणि थोड्या वेळातच वासरावाल्या एका गाईने शिंग मारलं. गेला."

शेठ खाली बसले.

त्या दिवसापासून वालीव नाक्यावर रस्त्यात बसलेल्या गाईंकडे ते वेगळ्या नजरेने बघू लागले. वासरू दिसलं तर गाडी वळवून रेंज ऑफिसकडून लांबचा वळसा घालून येतात. अकाउंटंट बुद्धाचं ते बोलणं पूर्ण सांगायला लागला की हात वर करतात. "अर्धंच सांगा. पूर्ण नको. चुकून कळलं-बिळलं तर उगाच रिस्क."

पाल्हाळ पुरे, मला या माणसाविषयी जे कळलं ते इथेच. शेठच्या चोपडीतल्या पार्ट्या एकमेकींशी कशावरच जुळत नाहीत. कुणी आत्मा मानतं, कुणी मानत नाही. कुणी देव मानतं, कुणाचं देवावाचून अडत नाही. कुणी म्हणतं जन्मोजन्म लागतील, कुणी म्हणतं आत्ता. पण माल घेणाऱ्याच्या नावाशी आलं की सगळ्यांची पेनं थबकतात. नैयायिक म्हणतात घेणाऱ्याला कळणारच नाही. वेदान्ती म्हणतात घेणारा आणि माल वेगळे नव्हेतच. बौद्ध म्हणतात घेणारा म्हणून कोणी नव्हताच. सूफी म्हणतात तो पुसला गेल्यावरच या. ख्रिस्ती म्हणतात स्वतःला गमावशील तर मिळेल. एकटे जैन तेवढे जीवाला जागेवर ठेवतात, पण नाव, गाव, धंदा आणि सेक्रेटरीपद खालीच ठेवायला लावतात. आणि शेठना मोक्ष हवा आहे तो आपल्या नावावर. मिळाल्यावर त्याचं उद्घाटन करायला, चार लोकांना दाखवायला, 'कितीला पडला' हे सांगायला ते स्वतः हजर हवेत. आपल्यातले बहुतेक जण सुटका मागतात ती अशीच, स्वतःसकट. शेठ निदान लेखी मागतात.

अर्थात शेठ इतक्यात हार मानणारे नव्हेत. त्यांनी मधला मार्ग शोधला, आणि तो थेट लोकमान्यांच्या सहीने. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं, 1915 साली ते छापून आलं, आणि त्याचा सारा रोख असा की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नसतं. शेठना एवढंच हवं होतं. गाळा न सोडता मोक्ष! तुरुंगात बसून एक माणूस मुक्तीचं पुस्तक लिहितो तर आपण प्रेसच्या आवाजात मुक्त व्हायला काय हरकत आहे? आणि सोबतीला राजा जनक. राज्य चालवून विदेही. मिथिला नगरी पेटली तरी माझं काही जळत नाही असं म्हणणारा. शेठ महिनाभर जनक होऊन वावरले. शुक्रवारी तुंगारेश्वरला जायचे, ओढ्यात पाय सोडून डोळे मिटायचे आणि दर दहा मिनिटांनी एक डोळा उघडून मोबाइलला रेंज आहे का बघायचे.

एका दुपारी गाळ्यात ते मला याच विषयावर सांगत होते. "खोकेवाले, मिथिला जळो, हा गाळा जळो, आत बसलेल्याला आच लागते का? नाही लागत. कारण..." आणि मागच्या पॅनलमध्ये फाट् करून ठिणगी उडाली. जळक्या वायरीचा वास आला. विदेही जनक खुर्ची ओलांडून असे झेपावले की जपमाळ तुटून मणी पत्र्यावर तडतड उडाले. "मेन पाड! अरे मेन पाड! डायवर ताडपत्री टाक! इन्शुरन्सचा कागद वरच्या ड्रॉवरमध्ये आहे, आधी तो काढ!" दोन मिनिटांत सगळं विझलं. फ्यूजखेरीज काही गेलं नाही. शेठ घाम पुसत बसले. मी विचारलं, "कारण काय म्हणत होतात?"

"कोणतं कारण?"

"आच का लागत नाही ते."

"जनकाला लागत नाही," शेठ म्हणाले, "त्याची मिथिला वडिलोपार्जित होती. हा गाळा मी कर्जाने घेतलाय."

शेवटचा उपाय संन्यास. तोही चौकशीवाचून नाही. त्यांना कळलं की संन्यास घेणाऱ्याला आधी स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालावं लागतं. तेही ते करतील, आचारी ओळखीचा आहे. पण वकिलाने पुढचं सांगितलं: परंपरागत हिंदू कायदा संन्यासाला नागरी मृत्यू मानत आला आहे. संसार सोडला, म्हणजे जमीनजुमल्यावरचा हक्कही सोडला. माणूस जिवंत, पण इस्टेटीपुरता वारलेला. शेठनी बराच विचार करून विचारलं, "जॉइंट नावावर घेता येईल का? मी आणि मिसेस. आयदर ऑर सर्व्हायव्हर?" वकिलाने फी घेतली नाही.

इतक्या पार्ट्या झाल्या, पण ज्याच्याकडून त्यांनी कोटेशन मागितलंच नव्हतं तो रोज गेटवर बसलेला असायचा. इस्टेटीचा वॉचमन बीडकडचा, माळकरी. मागच्या ज्येष्ठात तो वारीची रजा मागायला आला. अठरा-वीस दिवस पायी. शेठनी चोपडी उघडली आणि विचारलं, "वारी करून मोक्ष मिळतो का, ते सांग. मिळत असेल तर रजा देतो."

"मोक्ष कशाला हवा शेठ?"

"कशाला म्हणजे? सुटशील!"

"सुटलो तर पुढच्या साली वारीला कसा जाणार?" वॉचमन म्हणाला. त्याला यात विनोद दिसला नाही. त्याच्या आधी तुकोबांनीही मोक्ष बाजूला सारून पुन्हा जन्म द्या म्हणूनच मागितलं होतं, आणि त्यालाही चारशे वर्षं होत आली. पण शेठना हा धक्का सोसवला नाही. माल घ्यायलाच नकार देणारी पार्टी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. 'परत यावं लागतं का' या रकान्यात त्यांनी 'होय, आणि खुशीने' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग रागाने म्हणाले, "रजा नाही. माल डिस्पॅचला उभा आहे. मोक्षाचं नंतर बघू."

वॉचमनने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ल्यांचा जुडगा शेठच्या टेबलावर होता आणि वॉचमन आळंदीच्या वाटेवर. नवा माणूस मिळेपर्यंत गेटवर रात्री झोपायची पाळी शेठवर आली.

त्यात पाऊस लागला. वालीवला पाऊस लागला की पुढचा रस्ता आधी पाण्यात जातो. पहाटे पाचला टेम्पो आला तो मागच्या गेटला. शेठ छत्री मानेत धरून, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून, गजांच्या आतून जुडग्यातली एकेक किल्ली कुलपाला लावत होते. गेट आतून बंद, टेम्पोवाला बाहेरून ओरडतोय, आणि किल्ल्या सतरा. मी येऊन पोचलो तोवर सतराही दोनदा लावून झाल्या होत्या. अखेर शेठनी मानापमान गिळून वॉचमनला फोन लावला. पलीकडे सासवडचा मुक्काम, टाळमृदंगाचा कल्लोळ.

"अरे, मागच्या गेटची किल्ली कोणती?" शेठ ओरडले.

"किल्ली नाही लागत शेठ. कुलूप नुसतं अडकवलेलं आहे. ओढा."

शेठनी ओढलं. कुलूप हातात आलं. गेट उघडलं, टेम्पो आत शिरला. शेठ क्षणभर त्या कुलपाकडे बघत राहिले. मला वाटलं, निर्मळच्या त्या वृद्ध गृहस्थांचं बोलणं आता यांना आठवणार. पण शेठच ते.

"म्हणजे माझा माल इतके दिवस उघड्यावर होता?" ते फोनमध्ये गरजले. "कधीपासून?"

"सहा महिने झाले की. कुलूप बिघडलंय, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मग नवीन का नाही आणलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना शेठ, तीन कोटेशनं येऊ देत. दोनच आलीत अजून."

"तिसरं पंढरपुराहून घेऊन ये," शेठ म्हणाले, "आणि पक्कं बिल माग."